विस्मृत तबकड्यांचा पुनर्शोध : १९६० च्या दशकातील अल्पपरिचित ब्रिटिश मॉड संगीताची चिकित्सा

प्रास्ताविक

सांस्कृतिक अभ्यास ही ज्ञानशाखा आपल्या विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत रुजली, तेव्हा तिच्यासोबत काही परदेशी उदाहरणेही आली. इंग्लंडमधील ‘मॉड’ तरुण हे त्यांपैकी एक होय. स्टॅन्ली कोहेन यांचा ‘फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स’ (१९७२) आणि डिक हेब्डिज यांचा ‘सबकल्चर : द मीनिंग ऑफ स्टाइल’ (१९७९) हे ग्रंथ ज्यांनी चाळले आहेत, त्यांना या तरुणांचे इटालियन धाटणीचे सूट, त्यांच्या स्कूटर, १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टन येथे व त्यानंतर ब्रायटन, मार्गेट या समुद्रकिनाऱ्यांवर रॉकर तरुणांशी झालेल्या त्यांच्या मारामाऱ्या आणि त्यावर वृत्तपत्रांनी उठवलेला गदारोळ, हे सारे परिचित असते. हा भाग वर्गात शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, पण हे लोक ऐकत काय होते?” प्रश्न साधा होता. मी ‘द हू’ या वृंदाचे नाव घेतले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. ते उत्तर अपुरे होते, हे मला त्याच वेळी जाणवले होते.

प्रस्तुत लेखाचा उगम त्या अपुऱ्या उत्तरात आहे. कोहेन यांचा विषय समाजाची प्रतिक्रिया हा आहे. त्यामुळे संगीताकडे त्यांचे लक्ष नसणे स्वाभाविक मानता येईल. हेब्डिज यांनी मॉड तरुणांचे कृष्णवर्णीय संस्कृतीशी असलेले नाते अचूक ओळखले. तथापि त्यांच्या विवेचनात संगीत हे शैलीचे एक अंग म्हणून येते, कोटाच्या कापडासारखे. एखादी विशिष्ट तबकडी समोर ठेवून ती ऐकण्याचे काम अभ्यासकांनी केले नाही. ते केले संग्राहकांनी, जुन्या मालाच्या दुकानांतून फिरणाऱ्या हौशी मंडळींनी आणि लहानशा पुनःप्रकाशन संस्थांनी. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु पुनर्शोध म्हणजे जे गाडले गेले ते जसेच्या तसे वर काढणे नव्हे. ती एक निवड असते, आणि निवडणाऱ्याच्या कानाला जे आवडते तेच बहुधा वर येते. मॉड संगीताच्या बाबतीत या निवडीने मूळ वस्तूचे स्वरूपच काही अंशी पालटून टाकले आहे, असे माझे मत आहे.

मॉडांचे संगीत कोणते?

‘मॉड’ हे ‘मॉडर्निस्ट’ या शब्दाचे संक्षिप्त रूप होय. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये पारंपरिक जॅझचे चाहते आणि आधुनिक जॅझचे चाहते असे दोन तट होते. त्यांतील दुसऱ्या तटाचे हे नाव. १९६२-६३ च्या सुमारास या तरुणांची आवड जॅझकडून अमेरिकन ऱ्हिदम अँड ब्लूज, सोल आणि जमैकन स्का या संगीताकडे सरकली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी, की आरंभी मॉड संगीत हे मॉडांनी निर्मिलेले संगीत नव्हतेच. ते निवडलेले संगीत होते. सोहोमधील हॅम यार्ड येथील ‘सीन’ क्लबात गाय स्टीव्हन्स हा तबकड्या वाजवणारा गृहस्थ होता. त्याच्या संग्रहातील अमेरिकन मुद्रिका ऐकण्यासाठी श्रोते येत, तसेच नवे गीत शोधणारे वादकही येत. पुढे ‘आयलंड’ कंपनीच्या छत्राखाली ‘स्यू’ या लेबलाची ब्रिटनमधील धुरा त्याच्याकडेच आली. जमैकन संगीतासाठी १९६० पासून ‘ब्लू बीट’ हे लेबल होते. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या मुद्रिका ‘टॅम्ला मोटाउन’ या स्वतंत्र नावाने ब्रिटनमध्ये येऊ लागल्या त्या १९६५ च्या मार्चपासून.

वॉर्डर स्ट्रीटवरील ‘फ्लेमिंगो’ क्लबाचे स्थान याहून वेगळे आहे. तेथे रात्रभर चालणाऱ्या मैफलींना वेस्ट इंडीजमधून आलेले स्थलांतरित, रजेवरचे कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक आणि लंडनच्या उपनगरांतील कष्टकरी घरांतील गोरी मुले एकत्र येत. (१९६२ च्या ऑक्टोबरात याच क्लबात झालेल्या चाकूच्या झटापटीचे धागे पुढच्या वर्षी प्रोफ्यूमो प्रकरणात गुंतले, हे राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक असेल.) जॉर्जी फेम आणि त्याचा ‘ब्लू फ्लेम्स’ हा वृंद येथे नेमाने वाजवीत असे. या श्रोतृवर्गासमोर नक्कल खपत नसे. ज्यांचे ते संगीत होते तेच लोक समोर नाचत होते.

यास्तव ब्रिटिश मॉड वृंदांचे काम दुहेरी होते. तबकडीवर जे ऐकून श्रोते आले आहेत ते त्यांना प्रत्यक्ष द्यावयाचे, आणि तरीही त्यात स्वतःचे काही मिसळावयाचे. ‘द हू’ हाच वृंद १९६४ मध्ये ‘हाय नंबर्स’ या नावाने मॉडांसाठी जी पहिली तबकडी काढतो, तिच्यावरील ‘आय अ‍ॅम द फेस’ हे गीत म्हणजे स्लिम हार्पो या ब्लूज गायकाच्या चालीवर पीटर मीडन याने चढवलेले मॉडांच्या बोलीतले शब्द होत. ती तबकडी खपली नाही. पुढे त्या वृंदाने स्वरचनेचा मार्ग धरला आणि तो जगप्रसिद्ध झाला. प्रसिद्धीचा हा मार्गच नंतरच्या समीक्षेचा निकष बनला: जो स्वतः लिहितो तो कलावंत, जो दुसऱ्याचे गातो तो अनुकरण करणारा. ज्या संगीतपरंपरेत गायकाची प्रतिभा बंदिशीच्या विस्तारातून ओळखली जाते, त्या परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्या श्रोत्यास हा निकष मुळातच संकुचित वाटावयास हवा.

विस्मरणाची कारणे

हे वृंद विसरले का गेले? त्यांच्यात दम नव्हता म्हणून, हे उत्तर काहींच्या बाबतीत खरे आहे. पण सर्वांच्या बाबतीत नाही. १९६० च्या दशकात ब्रिटनमधील ध्वनिमुद्रिका व्यवसाय प्रामुख्याने ईएमआय, डेका, पाय आणि फिलिप्स या चार कंपन्यांच्या हाती होता. नव्या वृंदास दोन गीतांची एक लहान तबकडी काढण्याची संधी मिळे. ती चालली तर दुसरी, आणि दोन-चार चालल्या तर दीर्घ तबकडी. बीबीसीवर ध्वनिमुद्रिका किती तास वाजवावयाच्या यावर वादक संघटना आणि मुद्रिका कंपन्यांशी झालेल्या करारांची मर्यादा होती. ही कोंडी फोडली समुद्रातील जहाजांवरून प्रक्षेपण करणाऱ्या विनापरवाना केंद्रांनी. त्यांतील ‘रेडिओ कॅरोलाइन’ १९६४ च्या मार्चअखेरीस सुरू झाले. १४ ऑगस्ट १९६७ रोजी कायद्याने या केंद्रांवर गदा आली. त्याच सुमारास अभिरुचीचा वारा दीर्घ तबकडीकडे आणि सायकेडेलिक संगीताकडे वळला होता. अडीच मिनिटांच्या नृत्यगीतात ज्यांची सारी कला सामावली होती, त्यांच्या पायांखालची जमीनच सरकली.

‘द अ‍ॅक्शन’ : एक उदाहरण

या साऱ्या प्रक्रियेचे सर्वांत बोलके, आणि मला सर्वांत प्रिय असलेले उदाहरण म्हणजे उत्तर लंडनमधील केंटिश टाउनचा ‘द अ‍ॅक्शन’ हा वृंद. त्याचा निर्माता जॉर्ज मार्टिन, लेबल पार्लोफोन; म्हणजे जे बीटल्सचे तेच. १९६५ ते १९६७ या काळात त्यांच्या पाच लहान तबकड्या निघाल्या. एकही विक्रीच्या यादीत टिकली नाही. दीर्घ तबकडी निघालीच नाही.

त्यांच्या पहिल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवरील ‘इन माय लोनली रूम’ हे गीत मूळचे मार्था अँड द व्हॅन्डेलाज या गायिकांचे. १९६६ मधील ‘आय विल कीप होल्डिंग ऑन’ हे मार्व्हलेट्स या गायिकांचे. दोन्ही मोटाउनची, दोन्ही स्त्रीकंठासाठी रचलेली, दोन्ही विरहाची वा प्रतीक्षेची. आता रेग किंग हा गायक त्यांचे काय करतो ते पाहण्यासारखे आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीय संगीत गाणारे बहुतेक गोरे तरुण आवाज खरखरीत करून, ओरडून, पौरुषाचा आव आणून गात. किंग तसे करीत नाही. तो स्वर ओढून धरतो, शब्दांच्या कडा मऊ ठेवतो आणि प्रतीक्षा करणाऱ्याची अगतिकता लपवीत नाही. स्त्रीने गायलेली व्यथा पुरुषाने गाताना तिच्यातील आर्जव काढून टाकावयाचे नाही, हा निर्णय साधा नव्हे. रस्त्यावरील मारामाऱ्यांमुळे ज्यांची प्रतिमा आक्रमक झाली, त्या तरुणांना नृत्यगृहात हा हळवा आवाज हवासा वाटत होता. कोहेन यांच्या ग्रंथातून मॉड तरुणाची जी प्रतिमा हाती येते तिच्यात ही बाजू नाही. ती या तबकडीत आहे.

मूळ मोटाउन मुद्रिकांत मुख्य गायिकेला तिच्या सख्या साथ देतात. पोवाड्यात शाहिराची ओळ झीलकरी उचलून धरतात, काहीसा तसाच हा प्रकार. ‘द अ‍ॅक्शन’मध्ये हे झीलकऱ्यांचे काम वादकच करतात, आणि त्यांचे उंच पट्टीतील स्वरमेळ गिटारच्या किणकिणाटात मिसळून जातात. डेट्रॉइटमध्ये जे काम मोठा वादकसंच करीत असे ते येथे दोन गिटार, एक बास आणि एक ड्रमवादक यांच्यावर पडते. साधने कमी झाल्यामुळे लय अधिक ताणलेली, अधिक उघडी ऐकू येते. ही नक्कल नव्हे. मर्यादेतून जन्मलेला हा अन्वयार्थ आहे.

१९६७ मधील ‘नेव्हर एव्हर’पासून वृंद स्वरचनेकडे वळला. १९६७-६८ मध्ये त्यांनी केलेली काही ध्वनिमुद्रणे कोणत्याही कंपनीने स्वीकारली नाहीत. ती १९९० च्या दशकात प्रथम आणि २००२ मध्ये ‘रोल्ड गोल्ड’ या नावाने प्रकाशित झाली, तेव्हा अनेकांनी हरवलेली अभिजात कृती सापडल्याचा जयघोष केला. मला ती मुद्रणे आवडतात, पण जयघोष थोडा अतिरेकी वाटतो. ती कच्ची आहेत, काही ठिकाणी चाचपडणारी आहेत. १९६६ च्या मोटाउन गीतांत हा वृंद जितका सिद्धहस्त आहे तितका येथे नाही. तरीही समीक्षकांचा कौल या अप्रकाशित स्वरचनांकडे अधिक झुकतो, कारण पुन्हा तोच निकष: स्वतः लिहिलेले ते श्रेष्ठ.

संग्राहकांचे कान

पुनर्शोधाची पहिली लाट १९७९ च्या आसपासची. त्या वर्षी फ्रँक रॉडम यांचा ‘क्वाड्रोफिनिया’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. पॉल वेलर यांच्या ‘द जॅम’ या वृंदामुळे मॉड पोशाख पुन्हा रस्त्यावर आला. १९८० मध्ये ‘एडसेल’ या पुनःप्रकाशन संस्थेने ‘द अ‍ॅक्शन’च्या गीतांचा संग्रह काढला आणि त्याची प्रस्तावना वेलर यांनीच लिहिली. ज्या वृंदाला हयातीत एकही दीर्घ तबकडी लाभली नाही, त्याला ती सुमारे १५ वर्षांनी एका चाहत्याच्या शिफारशीने लाभली. दोन वर्षांनी त्याच संस्थेने ‘द क्रिएशन’ या वृंदाचाही संग्रह प्रसिद्ध केला.

‘द क्रिएशन’चे भाग्य त्या मानाने बरे. त्यांच्या ‘मेकिंग टाइम’ (१९६६) या गीतात एडी फिलिप्स हा इलेक्ट्रिक गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवतो; त्यातून निघणारा कण्हल्यासारखा, करवतल्यासारखा नाद आजही दचकवतो. त्यांचे ‘पेंटर मॅन’ हे गीत १९७९ मध्ये ‘बोनी एम’ने गाऊन लोकप्रिय केले, १९८३ मध्ये स्थापन झालेल्या एका नामांकित ब्रिटिश लेबलाने या वृंदाचेच नाव घेतले, आणि ‘मेकिंग टाइम’ १९९८ मध्ये वेस अँडरसन यांच्या ‘रशमोर’ चित्रपटात वाजले.

१९८४ मध्ये फिल स्मी यांच्या ‘बॅम-करुसो’ या लेबलाने ‘रबल’ ही संग्रहमाला सुरू केली. १९६५ ते १९६७ मधील गिटारचा कर्कश नाद, बिघडवलेला स्वर आणि नृत्याचा ठेका यांच्या मिश्रणास स्मी यांनीच ‘फ्रीकबीट’ हे नाव दिले. हे नाव त्या दशकात कोणीही वापरत नव्हते. नाव नंतर आले, आणि नावाने मागे वळून एक परंपरा घडवली. २००१ मध्ये ‘ऱ्हायनो’ कंपनीचा चार सीडींचा ‘नगेट्स’ मालेतील दुसरा संच आला, तेव्हा ही परंपरा जवळजवळ अधिकृत झाली.

या परंपरेत काय बसते? ‘द आइज’ची आक्रमक गीते बसतात. (याच वृंदाने ‘द हू’च्या सुप्रसिद्ध गीताचे ‘माय डीजनरेशन’ असे विडंबनही केले, मॉडांना विनोदबुद्धी नव्हती असे म्हणणाऱ्यांनी ते जरूर ऐकावे.) रॉनी वुड हा पुढे ‘रोलिंग स्टोन्स’मध्ये गेलेला गिटारवादक ज्यात होता तो ‘द बर्ड्स’ बसतो, त्यांनी १९६५ मध्ये मोटाउनच्या एडी हॉलंडचे ‘लीव्हिंग हिअर’ असे काही कडाडून वाजवले आहे, की मूळ गीतातील मिश्किलपणा पार लोपतो आणि निव्वळ वेग उरतो. संग्राहकास हेच हवे असते. मला मात्र दोन्ही मुद्रिका लागोपाठ ऐकल्यावर हॉलंडची अधिक काळ आठवत राहिली. गाडले गेलेले सारेच अन्यायाने गाडले गेले होते, असे मानण्याचे कारण नाही. या संग्रहांतील कितीतरी गीते एकदा ऐकण्यापुरतीच आहेत.

जे निवडीतून सुटले

पुनर्शोधाचा दुसरा प्रवाह इंग्लंडच्या उत्तर भागातून आला. तेथील नृत्यगृहांत अमेरिकन सोल संगीताच्या दुर्मीळ तबकड्यांवर रात्रभर नाचण्याची प्रथा टिकून राहिली. डेव्ह गॉडिन या पत्रकाराने १९७० मध्ये तिला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिले. या प्रवाहाने मॉडांचा मूळ निकष सांभाळला: तबकडी नाचण्यायोग्य आहे की नाही. परंतु त्याचे डोळे अमेरिकेकडे लागलेले होते.

आता या दोन प्रवाहांच्या मध्ये कोण राहिले ते पाहावे. जिमी जेम्स अँड द व्हॅगाबाँड्स हा जमैकाहून १९६४ मध्ये आलेला वृंद. ज्या पीटर मीडनने ‘हाय नंबर्स’ना मॉड बनवले, तोच पुढे यांचा व्यवस्थापक झाला. मार्की क्लबात ते नेमाने वाजवीत. १९६६ मध्ये ‘द न्यू रिलिजन’ ही त्यांची दीर्घ तबकडी निघाली. ती स्टुडिओत सिद्ध झालेली, काहीशी गुळगुळीत आहे. ज्या वृंदाची ख्याती रंगमंचावरील होती त्याला ती पुरता न्याय देत नाही. दुसरे नाव हर्बी गोइन्स यांचे. अमेरिकन सैन्यातील नोकरीनंतर ते लंडनमध्ये राहिले, अ‍ॅलेक्सिस कॉर्नरच्या वृंदात गायले आणि नंतर ‘नाइट-टायमर्स’ हा स्वतःचा वृंद त्यांनी चालवला. काही काळ त्यांच्यासोबत जॉन मॅक्लॉफलिन गिटार वाजवीत असत. मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्यासमवेत ‘शक्ती’ हा वृंद उभारणारे हेच मॅक्लॉफलिन होत. त्यांची काही घडण या नृत्यगृहांत झाली, ही गोष्ट आपल्याकडील रसिकांच्या फारशी कानावर आलेली नाही. तिसरे नाव जीनो वॉशिंग्टन, इंग्लंडमध्ये तैनात असलेला अमेरिकन हवाई दलातील जवान. त्याच्या ‘रॅम जॅम बँड’ची १९६६ मधील जिवंत मैफलीची तबकडी त्या काळी भरपूर खपली होती.

हे गायक नॉर्दर्न सोलच्या संग्राहकांस पुरेसे अमेरिकन वाटले नाहीत, कारण त्यांच्या तबकड्या लंडनमध्ये निघाल्या. फ्रीकबीटच्या संग्राहकांस ते पुरेसे ब्रिटिश वाटले नाहीत, कारण त्यांच्यात गिटारच्या गोंगाटाऐवजी सॅक्सोफोन आणि ऑर्गन होते. गोइन्स यांची एखादी तबकडी उत्तरेच्या नृत्यगृहांत लोकप्रिय झाली, नाही असे नाही. संकलनांत या मंडळींची गीते अधूनमधून येतातही. पण मॉड संगीताचा इतिहास सांगताना ती कडेला उभी केली जातात आणि मध्यभागी गिटार घेतलेले चार-पाच गोरे तरुण असतात. ज्या उपसंस्कृतीचा पायाच कृष्णवर्णीय संगीतावर रचला होता, तिच्या पुनर्शोधात त्वचेचा रंग असा नकळत पालटतो. यामागे कोणाचा दुष्ट हेतू होता असे मला वाटत नाही. दुर्मीळता, स्वरचना आणि कर्कश नाद हे तीन निकष एकदा लावले, की हा परिणाम आपोआप होतो. १९८० मध्ये ‘डेक्सिज मिडनाइट रनर्स’ या वृंदाचे ‘जीनो’ हे वॉशिंग्टनवरील गीत ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर पोहोचले. त्याच्यावर रचलेले गाणे आज त्याच्या स्वतःच्या मुद्रिकांहून अधिक ओळखले जाते.

या सगळ्या विवेचनाला ध्वनिमुद्रिकेच्या स्वरूपाचीच एक मर्यादा आहे, ती मान्य करावयास हवी. स्टुडिओत घडलेली लहान तबकडी जपता येते, विकत घेता येते, तिच्यावर लेख लिहिता येतो. रात्रभर चाललेली मैफल जपता येत नाही. म्हणूनच जॉर्जी फेमची ‘ऱ्हिदम अँड ब्लूज अ‍ॅट द फ्लेमिंगो’ ही १९६३ मध्ये प्रत्यक्ष क्लबात मुद्रित झालेली आणि १९६४ मध्ये प्रकाशित झालेली दीर्घ तबकडी मला या काळाचा अत्यंत मोलाचा दस्तऐवज वाटते. तिच्यात अमेरिकन ब्लूज आहे, जमैकन ठेका आहे, आणि वाद्यांच्या मागे खोलीही ऐकू येते: तिची उष्णता, गर्दी, श्रोत्यांच्या आरोळ्या.

पुढच्या वर्षी तो भाग शिकवताना मी कोहेन आणि हेब्डिज यांच्या आधी ही तबकडी वर्गात वाजवली. तिसऱ्या गीतापर्यंत मागच्या बाकांवर ठेका धरला गेला होता. गीत संपल्यावर पहिला प्रश्न गायकाविषयी आला नाही. एकाने विचारले, “हे मागे ओरडतायत ते लोक कोण आहेत?” त्या दिवशीचा तास तेथून सुरू झाला.